फुलीचा कोहळा

दुपारचं जेवून जरा आडवं व्हावं, डोळा लागतो न लागतो, अशा वेळी मला अजूनही आमच्या गावच्या घराच्या छपरावरचे कवेलू दिसतात. मातीचे, काळपट, पावसानं शेवाळलेले. त्यांच्यावर कोहळ्याचा वेल अंग टाकून पसरलेला आणि वेलात मधे मधे पांढुरके कोहळे. आजूबाजूला धुकं इतकं की घर कुठं संपलं आणि वेल कुठं सुरू झाला ते कळत नाही. मी अंगणात उभी राहून कोहळे मोजायला लागते आणि दर वेळी एक कमी नाहीतर एक जास्त भरतो. मग खाली रस्त्यावर एखादा ऑटोवाला कोणाला तरी हिंदीत शिव्या घालतो, मला जाग येते, आणि मी गोंदियात माझ्या घरात असते. अशी चिडचिड होते म्हणता! मोजून तरी होऊ द्यायचं बाप्पा.

आमचं गाव चोरखमाऱ्याच्या तलावापासून फार लांब नाही. तलावावरचा वारा आधी धानाच्या बांध्यांवरून यायचा आणि मग आमच्या सांदवाडीत शिरायचा. सांदवाडी म्हणजे घरामागची कुंपणातली जागा. आमची एवढीशीच होती, एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाशी कुजबुजता येईल इतकी. पण बाबांनी तिच्यात काय काय बसवलं होतं! वांगी, मिरच्या, टमाटर, सांबार म्हणजे कोथिंबीर. कुंपणावर वालाच्या शेंगा. न्हाणीचं पाणी वाहून जाई तिथं कोचईची, म्हणजे अळूची, हत्तीच्या कानाएवढी पानं. कोपऱ्यात मुंगन्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड. आणि पावसाळा लागला की भिंतीच्या बुडाशी कोहळ्याचं बी, जे श्रावणात छपरावर चढून बसायचं ते पौषापर्यंत उतरायचं नाव घ्यायचं नाही.

बाबा गोंदियाला राइस मिलमध्ये हमाली करत. सहा दिवस तिकडे, एक दिवस घरी. तो एक दिवस ते सांदवाडीतच असायचे. जेवायला बोलवायला मी जायची तर वांग्याच्या झाडामागे नुसती पाठ दिसायची. "आपल्या सांदवाडीतलं खाल्लं का कोणाले हात जोडा लागत नाही," असं ते म्हणायचे. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते सुरुवात करायचे आणि शेवट मी करायची. दिवसभर दुसऱ्याची पोती पाठीवर वाहणारा माणूस असं का म्हणतो, हे कळायचं माझं वय नव्हतं. मी सातवीत होते. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं.

कोहळ्याच्या बाबतीत आमच्याकडे दोन रीती. एक बाबांची आणि एक सगळ्या गावाची.

बाबांची रीत अशी, की भादव्यात वेलाला मुठीएवढे कोहळे धरले की त्यांतला एक चांगला घाटदार बघून त्याच्यावर अंगठ्याच्या नखानं फुली ओढायची. हा बियाचा. हा कोणी तोडायचा नाही. नखाची ती बारीकशी फुली कोहळ्याबरोबर वाढायची. आपण नखभर ओढलेली रेघ दोन महिन्यांत वीतभर लांब होऊन बसायची, कडा फुगलेल्या, जुन्या जखमेच्या वणासारखी. मला ते फार नवल वाटायचं. मी शिडी लावून फुली बघायला चढायची आणि वरची पांढरी राख पुसून टाकायची. मग खालून माय ओरडायची, "राख नोको पुसू वो! राख गेली का कोहळा सडते. अक्कल गहाण टाकली का?" कोहळ्याच्या अंगावरची ती राख त्याचं पांघरूण असते, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

गावाची रीत अशी, की अख्ख्या कोहळ्यावर बाईनं सुरी चालवायची नाही. कोहळा म्हणजे घरचा मोठा लेक म्हणे. पहिला घाव घरातल्या कर्त्या पुरुषानं घालायचा, पुढे बाया किसायला, वाटायला मोकळ्या. आमच्या घरात पंचशील म्हटलं जायचं, बळी, नैवेद्य, नजर यातलं काही चालायचं नाही. बाबा या रीतीची टिंगल करायचे. "कोहळा का तुमाले चावते का?" असं बायांना विचारायचे. पण पौषात वड्या घालायच्या दिवशी मात्र हेच बाबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, केस विंचरून अंगणात हजर! हातात सुरी, भोवती गल्लीतल्या दहाबारा बाया आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू यांच्यावाचून जगाचं अडलं आहे. मायला हसू आवरायचं नाही. त्या वड्या उन्हाळाभर पुरायच्या. वैशाखात विहिरीचं पाणी तळाला जायचं, सांदवाडीत एक हिरवं पान राहायचं नाही, तेव्हा मातीच्या मडक्यातून मूठभर वड्या निघायच्या आणि घरात कालवणाचा वास सुटायचा.

त्या वर्षी बाबांनी भादव्यात फुली ओढली आणि दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं. बोलणंही गेलं, नुसता एक "आं" असा आवाज उरला, तोही कधी कधी. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात ना, आमच्या घरात ते भिंत पाडूनच आलं. दवाखान्यातून आणून त्यांना अंगणातल्या खाटेवर निजवलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं ते केलंच.

माय चार दिवस रडली. पाचव्या दिवशी उठून तिनं पदर खोचला, विहिरीवरून घागर भरून आणली आणि सांदवाडीत शिरली. म्हणाली, "आता मीठ-तेल सोडून काही विकत आणाचं नाही. मी रोजीनं जाईन, बिडी वळीन, पण भाजीसाठी बाजाराचं तोंड पाहणार नाही." मला वाटलं दोन दिवसांचा जोर आहे. कसलं काय! तिनं न्हाणीच्या पाण्याला नवीन दांड काढून दिला, चुलीची राख वांग्यांवर भुरभुरली, लवकीला, म्हणजे दुधीला, मांडव घातला, कुंपणाची भोकं बोरीच्या काट्यांनी बुजवली. शाळेतून आले की मीही तिच्या हाताखाली. आमचं जेवण म्हणजे भात आणि सांदवाडी काय म्हणेल ते. एका आठवड्यात सात दिवस वांगी. सातव्या दिवशी मी ताट सरकवलं तर माय म्हणाली, "आठव्या दिवशी बी हेच हाय. सरकव किती सरकवतं ते."

तरी त्या कार्तिकातल्या सकाळी आठवतात त्या अशा, की मला अजून त्यांच्यात जाऊन बसावंसं वाटतं. ऊन कोवळं, तेंदूच्या पानांचा वास, माय सूप मांडीवर घेऊन बिडी वळतेय. वालाच्या फुलांवर भुंगे. बाबा खाटेवर, त्यांच्या अंगावर मुंगन्याच्या पानांची सावली हळूहळू सरकतेय, पायापासून पोटापर्यंत, पोटापासून गळ्यापर्यंत. छपरावर फुलीचा कोहळा मोठा होतोय. मला खरंच वाटायचं की नीट कान दिला तर त्याचं वाढणं ऐकू येईल. मी त्या सकाळी सुखी होते, हे म्हणायला आजही लाज वाटते. बाप असा पडलेला, आणि पोरगी सुखी! पण होते.

मग नागझिऱ्याच्या बाजूनं वानरांची टोळी आली. माय धान कापायला गेलेली, मी शाळेत. बाबांनी खाटेवरून सगळं ऐकलं असणार आणि ओरडताही आलं नसणार. संध्याकाळी आलो तर छपराचे कवेलू फुटलेले, वेल फाटलेला, अर्धे खाल्लेले कोहळे अंगणभर. मायनं वानरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वेलावर एकच कोहळा वाचला, पलीकडच्या उतारावर पानांत दडलेला. फुलीचा. म्हणजे बियांसाठी तोच आणि वड्यांसाठीही तोच.

याच दिवसांत काका यायला लागले. बाबांचा धाकटा भाऊ, गोंदियात राहायचा, धानाच्या दलालीत होता. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते, कारण तेव्हा मला तो राक्षस वाटायचा. येताना दर वेळी फळं आणायचा, बाबांच्या उशाशी बसायचा आणि मायला म्हणायचा, "वहिनी, इथं रखा क्या है? दादाला घेऊन गोंदियाला चला. वरची खोली खाली आहे. दवाखाना जवळ, पोरीची शाळा जवळ. हे घर विकून टाकू." माय म्हणायची, "त्यायले विचारा." काका बाबांना विचारायचे. बाबा भिंतीकडे बघत राहायचे. काका म्हणायचे, "बघा, दादाची ना नाही."

शेजारची म्हातारी, जिला सगळी गल्ली मोठी माय म्हणायची, ती कुंपणावरून म्हणायची, "आवळा देऊन कोहळा काढून रायला तुहा दीर." माय म्हणायची, "नाही वो मोठी माय, त्याचं मन साफ हाय." आणि मग हळू आवाजात, "पण तिकडं गेलो का यायनं रोज त्याच्या हातचं खाव. लहान भावाच्या हातचं. मरून जातीन हे." मला त्या दिवशी समजलं की गोष्ट घराची नाहीच. बाबांच्या मनात काय आहे, ते आता कोणी ठरवायचं, हा सवाल होता. आणि ते स्वतः काही सांगत नव्हते. मला त्यांचा इतका राग यायचा! एक मान हलवायला काय जातं? मान तर हलत होती ना!

शेवटी पौष लागला आणि काकांनी निरोप धाडला की अमुक दिवशी टेम्पो घेऊन येतो. मायनं उलटा निरोप पाठवला, "वड्या होऊ द्या, मग पाहू." मग एका रात्री तिनं उडदाची डाळ भिजवली, गल्लीत सांगून ठेवलं आणि काका टेम्पो घेऊन नेमके दुसऱ्या सकाळी दारात.

वड्यांचं काम थांबत नाही. पहाटे पाट्यावर वाटलेली डाळ बाया हातानं फेटत बसतात, तिचा थेंब पाण्यात टाकला तर तरंगला पाहिजे. एकदा तरंगला की लगेच कोहळा किसून मिसळायचा, नाहीतर डाळ आंबते आणि वड्या दगडासारख्या होतात. थेंब तरंगला. वड्या घालायला दुसऱ्या एका खाटेवर धुतलेलं लुगडं अंथरलेलं. कोहळा बारदान्यावर मांडलेला, फुली वर. दहाबारा बाया, कोपरापर्यंत डाळीचे हात, आणि सगळ्या एकमेकींकडे बघताहेत. सुरी कोण चालवणार?

काकांनी तेवढ्यात बाह्या सारल्या. "लाओ, इधर दो. मी करतो ना."

माय हलली नाही. सुरी तिच्या हातात होती. मला अजून तिचा चेहरा दिसतो. तिनं सुरी दिली असती तर घराचे कर्ते काका ठरले असते आणि संध्याकाळपर्यंत आमचं सामान टेम्पोत असतं. त्या अंगणातल्या प्रत्येक बाईला हे कळत होतं, म्हणून सगळ्या तिच्या हाताकडे बघत होत्या. काकांना तेवढं कळत नव्हतं. ते बिचारे मदत करत होते.

मोठ्या मायनं तोड काढली. "घरधनी तर हाय ना इथं. त्याच्या हातानं सुरी टेकवा, मंग दिरानं दाबली तरी चालते."

मायनं बाबांच्या पाठीशी वाकळीची गुंडाळी लावून त्यांना टेकवून बसवलं. कोहळा उचलून खाटेवर त्यांच्या पायांजवळ ठेवला. कोहळा चांगला आठदहा किलोचा, खाटेची सुंभं करकरली. बाबांच्या डाव्या हातात तिनं सुरी दिली. त्यांनी फुलीकडे पाहिलं. भादव्यात नखभर ओढलेली ती रेघ आता त्यांच्या पंजापेक्षा मोठी झाली होती, आणि ती त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, कारण त्यांचं तोंड भिंतीकडे आणि कोहळा छपरावर. सुरी टेकली. सालीवर एक ओरखडा उठला आणि सुरी निसटून बारदान्यावर पडली. मायनं ती पुन्हा त्यांच्या हातात दिली. पुन्हा पडली. बायांनी माना खाली घातल्या. मी मनात म्हणत होते, बाबा, एकदा, फक्त एकदा.

काका पुढे आले, अगदी मायेनं म्हणाले, "रहने दो दादा. तकलीफ नका घेऊ. मी आहे ना आता."

आणि बाबांनी डावा पाय आखडला. मला वाटलं कळ आली. त्यांनी टाच कोहळ्याला लावली आणि असा रेटा दिला की कोहळा खाटेवरून गडगडला तो थेट खालच्या फाडीवर. फाडी म्हणजे अंगणातला पाय धुवायचा चपटा दगड. भद्दकन आवाज झाला आणि कोहळ्याच्या दोन फाका झाल्या, पाणी काकांच्या पॅंटवर आणि बिया अंगणभर.

मग मोठी माय ओरडली, "फुटला वो! घरधन्यानं फोडला! सुरीनं फोडा असं कुठं लिवलं हाय?"

एक बाई हसली, मग दुसरी, मग सगळं अंगण. आणि बाबा! बाबांचं तोंड एका बाजूनं वाकडं, लाळ गळतेय आणि ते हसताहेत. दसऱ्यानंतर पहिल्यांदा. त्यांनी काकांकडे बघितलं, मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवली आणि म्हणाले, "आं." याच्यापेक्षा स्वच्छ "नाही" मी आजवर ऐकलं नाही.

माय तिथंच बसली आणि तोंडात पदर घालून हमसाहमशी रडली. मग नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "दीरजी, चहा घ्या. अन् मोकळे बसू नका, किसा." काका बिचारे ओल्या पॅंटनंच खाली बसले. त्यांनी अर्धा कोहळा किसला, बायांच्या टोमण्यांसकट. टेम्पो रिकामा परत गेला. आठ दिवसांनी ते वड्या न्यायला आले आणि जाण्याविषयी पुन्हा बोलले नाहीत.

आम्ही त्या घरात राहिलो. सांदवाडीवर सगळं भागलं असं म्हणणार नाही. काही दिवस नुसता भात आणि मिरची होती, आणि काकांची फळं येत राहिली, ती आम्ही खाल्ली. पण परत जाताना तेही रिकाम्या हातानं जायचे नाहीत. वांगी, शेंगा, लवकी, पिशवी भरून जायची. ती पिशवी मला बाबांच्या खाटेवर नेऊन दाखवावी लागे. त्यांनी हात लावला की मग काकांच्या हातात.

मी मोठी झाल्यावर काका एकदा म्हणाले, "दादाचा पाय घसरला होता ग. तुम्ही लोकांनी उगाच गोष्ट केली." मायसमोर मात्र त्यांनी हे कधी म्हटलं नाही, तेवढी हिंमत नव्हती. मी खाटेच्या अगदी जवळ उभी होते. मी पायाची बोटं पाहिली होती. बस, एवढंच सांगते.

बिया आम्ही वेचल्या, धुतल्या, राखेत घोळून मडक्यात ठेवल्या. तरी काही फाडीच्या फटीत राहिल्याच. पुढल्या आषाढात बाबांच्या खाटेच्या पायाशीच कोंब आले. मायनं ते उपटले नाहीत. तिनं खाटेवरून मांडव घातला आणि त्या पावसाळ्यात उघडीप असली की बाबा कोहळ्याच्या पानांखाली हिरव्या उजेडात पडून असायचे. त्यांचं तोंड आता भिंतीकडे नसायचं. पिवळी फुलं त्यांच्या छातीवर गळायची. भादव्यात एक मुठीएवढा कोहळा त्यांच्या तोंडावरच लोंबायला लागला. मी शाळेतून आले तर ते तो डाव्या हातात धरून बसलेले. अंगठा हळूहळू फिरवत होते. फुली झाली, पण उलट्या हाताची, एक पाय लांब आणि एक आखूड. दिवाळीपर्यंत तीही वीतभर झाली. त्यानंतर आठ वर्षं ते जगले आणि आठही वर्षं फुली तशीच वाकडी पडली.

आता बाबा नाहीत, माय माझ्याजवळ आहे, आणि बघा, राहायला मी गोंदियातच आले. काका ऐकायला असते तर हसले असते. गच्चीवर सिमेंटच्या पोत्यांत माती भरून मी वांगी, मिरच्या लावते, आणि पाण्याच्या टाकीवर कोहळ्याचा वेल चढवते, त्याच बियांचा. पौषात पहिला घाव मीच घालते, माय बाजूला बसून "हळू, बी कापशील" म्हणत असते. मी सगळी कामं उजव्या हातानं करते. भादव्यात बियाच्या कोहळ्यावर फुली मात्र डाव्या अंगठ्यानं ओढते. यंदाही ओढली. वाकडीच आली.